पुरलेला आलेलुया

आमच्या सासूबाईंचा आवाज या शहरातल्या झाडून सगळ्यांनी ऐकलेला आहे. त्यांना चेहऱ्याने ओळखणारे थोडे असतील, पण "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" हे शब्द कानावर पडल्याशिवाय इथून कोणी परगावी गेलेलं नाही. बसस्थानकावरच्या काचेच्या खोलीत बसून त्यांनी जन्मभर गाड्या पुकारल्या. निवृत्त झाल्या तेव्हा नवीन बाई नेमण्याऐवजी साहेबांनी त्यांच्याकडूनच सगळ्या गावांची नावं आणि फलाटांचे आकडे वदवून घेतले आणि यंत्रात भरून ठेवले. त्यामुळे सासूबाई घरी बसल्या तरी त्यांचा आवाज रोज कामावर जातच राहिला. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी बसस्थानकाच्या मागच्या भिंतीकडे उघडते. म्हणजे माझ्या वाट्याला सासूबाई दुहेरी आलेल्या, एक घरातून आणि एक खिडकीतून.

सासरे बसचे ड्रायव्हर होते. दोघांचं जमलं तेही लाउडस्पीकरवरूनच. गाडी सुटायची वेळ झाली की बाबा मुद्दाम चहाच्या टपरीवर रेंगाळायचे. मग स्थानकभर घोषणा व्हायची, "चालकांनी ताबडतोब आपल्या गाडीकडे यावे." ही बाई रोज एकाच चालकाला बोलावते आहे, हे बाकीच्या ड्रायव्हरांच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही. बाबांचा स्वतःचा आवाज जाडाभरडा, उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवल्यासारखा, आणि तो ते जपूनच वापरतात. बायकोला ते तोंडावर "भोंगा" म्हणतात. सासूबाई यावर रागावल्याचं दाखवतात, पण दुसऱ्या कोणी तो शब्द वापरला तर त्याची धडगत नसते.

या भोंग्याचं खरं राज्य चर्चमध्ये. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात 'आलेलुया' हा शब्द गायचा नाही आणि उच्चारायचाही नाही. तो आनंदाचा शब्द, म्हणून दुःखाच्या दिवसांत तो बाजूला ठेवतात. ईस्टरच्या पहाटे तो परत येतो आणि लागोपाठ तीनदा येतो. एकजण पुढे उभं राहून तो गातं, लोक त्याच सुरात उत्तर देतात. मग एक पायरी वरच्या सुरात, मग आणखी वर. हे तीन आलेलुया सासूबाईंचे. माझं लग्न व्हायच्या कितीतरी आधीपासून ते त्यांचेच होते.

पहिला छान लागायचा, दुसरा उंच, आणि तिसरा असा काही वर जायचा की छताखालची कबुतरं फडफडायची. लोक तोंड उघडं टाकून ऐकत राहायचे. खरं तर उत्तर द्यायचं असतं त्यांनी, पण देणार कोण आणि कुठून? कॉयरमधल्या दोन-तीन पोरी टाचा उंचावून कशाबशा तिथवर पोहोचायच्या, बाकी अख्खं चर्च गप्प. बाबा शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून उभे.

"तुझा तिसरा आमच्या डोक्यावरून जातो," ते घरी आल्यावर म्हणायचे.

"मग मान वर करायची," सासूबाई म्हणायच्या.

आमच्या चर्चमध्ये आणखी एक प्रथा आहे. उपवासकाळ सुरू होण्याच्या आदल्या रविवारी हा शब्द चक्क पुरतात. एका लाकडी फळीवर तो सोनेरी अक्षरांत रंगवलेला आहे. ती फळी पत्र्याच्या पेटीत घालायची, अंगणात भिंतीलगत खड्डा खणायचा आणि पेटी मातीआड करायची. ईस्टरला ती उकरून वर काढायची. माझ्या माहेरी आम्ही कांद्याच्या सालीत अंडी उकडून लाल करायचो, शब्दबिब पुरत नव्हतो. पहिल्या वर्षी मला तिथे फिसकन हसू आलं. सासूबाईंनी असं काही पाहिलं माझ्याकडे, की ते हसू मीही त्याच खड्ड्यात टाकलं.

गेल्या वर्षी त्या रविवारी पेटी खड्ड्यात उतरत असताना सासूबाई शेवटचा आलेलुया गात होत्या, आणि त्यांचा आवाज मध्येच फाटला. कापड फाटल्यासारखा टर्रकन. नंतर हवा आली, सूर आलाच नाही. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं तर स्वरयंत्रावर गाठ. वाईट जातीची नव्हती, देवाची कृपा, पण काढावी लागली. ऑपरेशननंतर सक्त ताकीद मिळाली. एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. सासूबाईंनी उशीशेजारची पाटी ओढली आणि एकच शब्द लिहिला: "ईस्टर?"

"तोवर बोलायला लागाल," डॉक्टर म्हणाले. "गाण्याचं मात्र मी सांगू शकत नाही. आणि आवाज आला तरी जुनाच येईल असं नाही."

सासूबाईंनी पाटी पुसली आणि भिंतीकडे तोंड केलं.

घर शांत झालं. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला बरं वाटलं. भाजीत मीठ कमी आहे हे कळायला मला स्वतः चाखून बघावं लागायचं, एवढीच काय ती अडचण. पण हे सुख टिकलं नाही. चर्च सांभाळणारे काका भेटायला आले ते लाकडी खडखडा घेऊनच. मूठ असलेली एक फळी आणि तिच्यावर आपटणाऱ्या दोन लाकडी हातोड्या, हलवलं की दात वाजल्यासारखा आवाज. ईस्टरच्या आधीचे शेवटचे दिवस चर्चच्या घंटा मुक्या असतात, तेव्हा घंटेच्या जागी हा वाजवतात. एरवी वर्षभर तो कपाटात पडलेला असतो. काकांनी भल्या मनाने तो सासूबाईंच्या हातात दिला, आणि त्यांना आमच्या घरात राहायचं नव्हतं म्हणून त्यांचं ठीक होतं. एक खडखडाट म्हणजे चहा. दोन म्हणजे सूनबाई. लांबलचक आणि न थांबणारा म्हणजे नवरा. बाबांना संसारात पहिल्यांदाच हाक ऐकू न आल्याचं सोंग करता येईना.

एकदा आमचे हे मॅच बघत होते. शेवटच्या चेंडूवर जिंकल्यावर उडी मारून ओरडले, "आलेलुया!" सगळे जागच्या जागी थिजलो. उपवासकाळ अर्धासुद्धा झाला नव्हता. आतल्या खोलीतून खडखड्याचा जो भडिमार सुरू झाला, तो ह्यांनी आत जाऊन कान धरेपर्यंत थांबला नाही.

पण एक दिवस मी भांडी घासत होते आणि सासूबाई खिडकीशी उभ्या होत्या. समोर बसस्थानकावरून त्यांचा आवाज येत होता, स्वच्छ, उंच, काचेसारखा. "फलाट क्रमांक चारवर उभी असलेली गाडी थोड्याच वेळात सुटत आहे." त्यांनी हात गळ्यावर ठेवला होता. ओठ त्या शब्दांबरोबर हलत होते, आवाज मात्र भिंतीपलीकडून येत होता. इतकी वर्षं ज्या आवाजाला मी मनातल्या मनात बोल लावले, तो या बाईला परत मिळू दे, असं मी नळ चालू ठेवून, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून, मोठ्याने म्हटलं.

चर्चमधली माणसं आळीपाळीने भेटायला यायची, आणि इथे एक गंमत झाली. एरवी सासूबाईंसमोर कोणाचं वाक्य पुरं होत नसे. आता त्या मध्ये बोलू शकत नाहीत म्हटल्यावर सगळ्यांची तोंडं सुटली. आमच्या चर्चमध्ये कुठून कुठून आलेले लोक आहेत, कामधंद्यासाठी इथे स्थिरावलेले. समुद्रापलीकडून आलेली एक नर्स आहे. तिने सांगितलं, त्यांच्याकडे ईस्टरच्या पहाटे दोन मिरवणुका निघतात. एकीत उठलेल्या प्रभूचा पुतळा, दुसरीत काळा बुरखा घातलेला त्याच्या आईचा. दोन्ही चौकात समोरासमोर येतात आणि पंख लावलेली एक छोटी मुलगी आईचा बुरखा वर उचलते. "तेव्हा सगळ्या बायका रडतात," नर्स म्हणाली, "आणि ज्यांची मुलं दूर असतात त्या जास्त." हे सांगताना तीच रडायला लागली. तिचा मुलगा तिकडेच आजीजवळ आहे, हे आम्हाला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं.

मग बेकरीवाला आला. भला दांडगा माणूस, भुवयांवर कायम पीठ. त्याच्या गावी टोपलीत पाव, मीठ आणि रंगवलेली अंडी घालून ती चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात, आणि नंतरच उपास सोडतात. "पण खरी मजा वेगळीच," तो म्हणाला. "आमचे पाद्री दारात येऊन ओरडतात, प्रभू उठला! आणि सगळा गाव एका दमात उत्तर देतो, खरंच उठला! खिडक्यांच्या काचा थरथरतात. पाद्र्यांचं काय, ते कोणीही ओरडेल. उत्तरात मजा आहे. इथे आमच्या वाट्याला उत्तरच येत नाही."

एवढं बोलून गेल्यावर आपण कोणाच्या घरी बसलोय हे त्याला आठवलं, आणि त्याने पटकन पाव पुढे केला. सासूबाईंनी खडखडा उचलला. मला वाटलं, आता हा त्याच्या डोक्यात बसतो. पण त्यांनी एकदाच वाजवला. चहा. बेकरीवाल्यासाठी.

बोलायची परवानगी मिळाली तेव्हा आम्ही सगळे पलंगाभोवती जमलो. त्यांनी घसा साफ केला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मीठ."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आवाज आला होता, पण तो सासूबाईंचा नव्हता. जाड, खालचा, खरखरीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन उचलला तर पलीकडचा म्हणाला, "काय बाबा, काकू कशा आहेत?" आम्ही हसलो. त्याही हसल्या, आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बराच वेळ तिथेच राहिल्या.

फादरांनी तोवर सोय करून ठेवली होती. आमच्या चर्चमध्ये एक तरुण डेंटिस्ट आहे, गोड गळ्याची आणि गोड स्वभावाची. त्यांनी तिला तयारी करायला सांगितलं. ती बिचारी आमच्याकडे येऊन सासूबाईंचे पाय धरायचीच बाकी राहिली. "काकू, मला तुमची जागा नको आहे हो."

"मग घेऊ नकोस," सासूबाई नव्या आवाजात म्हणाल्या. "पण तयारी सोडू नकोस."

त्यांचे व्यायाम सुरू होते. ओठ मिटून गुणगुणायचं, स्वर लांबवायचे, नळीतून पाण्यात फुंकायचं. पण तो शब्द नाही. आमचे हे वैतागले. "आई, एकदा घरात दार लावून गाऊन बघ ना! जमतंय की नाही ते कळेल तरी."

"तो शब्द मातीत आहे."

"अगं पण कळायला नको का?"

"पेरलेलं रोज उकरून बघतोस का तू?"

म्हणजे झालं काय, की ते तीन आलेलुया त्यांच्या गळ्यात आहेत की नाहीत हे कोणालाच ठाऊक नव्हतं, खुद्द त्यांनासुद्धा. ते पहिल्यांदा कळणार होतं ते भरल्या चर्चमध्ये. मला रात्री झोप लागेना. एक तर त्या गाणार, नाहीतर सगळ्या गावादेखत तोंडावर आपटणार, आणि त्या आपटल्या तर पुन्हा उभ्या राहणार नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं.

गुरुवारी काका येऊन खडखडा परत घेऊन गेले. घंटा मुक्या झाल्या. शनिवारी सकाळी फादर स्वतः आले, टोपी हातात फिरवत.

"आई, उद्याचं काय?"

"उद्याच कळेल."

"मला आज कळायला हवं."

"मग ऐका. मी गाणार." त्या पुढे म्हणाल्या, "आणि फादर, मिस्सेची उपासना संपली की अंगणात नर्सबाईंना प्रभूच्या आईचा बुरखा उचलायचा आहे. त्यांची इथली धाकटी मुलगी पंख लावणार आहे. बेकरीवाला टोपली आणील, तिला आशीर्वाद द्या. नाही म्हणू नका, मी सांगून बसले आहे."

फादरांनी टोपी डोक्यावर घातली. नाही म्हणायची संधी त्यांना मिळालीच नव्हती, आणि मला कितीतरी दिवसांनी घर ओळखीचं वाटलं.

ईस्टरची मिस्सा आमच्याकडे पहाटे, अंधार असतानाच सुरू होते. अंगणात शेकोटी पेटवली, तिच्यावर पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती पेटली आणि एका ज्योतीवरून दुसरी असं करत सगळं चर्च उजळलं. महिमागान सुरू झालं तशा घंटा सुटल्या, किती दिवसांचं साठलेलं एकदम बोलून टाकल्यासारख्या. काकांनी पेटी उकरून आणली. पेटीवरची माती पुसून फळी बाहेर काढली. सोनेरी अक्षरं मेणबत्त्यांच्या उजेडात चमकायला लागली आणि सासूबाई पुढे गेल्या. डेंटिस्ट त्यांच्या मागे एक पाऊल सोडून उभी. आवाज तुटला तर तिने उचलायचा, असं ठरलं होतं.

ऑर्गनवाल्या मास्तरांनी सूर दिला, नेहमीचा. सासूबाईंनी मान हलवली, नाही. मास्तरांनी थोडा खालचा दिला. नाही. आणखी खालचा. नाही. मास्तर गोंधळले. त्यांनी पट्ट्यांवरून हातच उचलले. मी शेजारच्या खांबाला धरलं.

सासूबाईंनी डोळे मिटले आणि त्यांचा जो नवा आवाज होता, तो जिथे राहत होता तिथूनच सुरुवात केली. खाली, अगदी खाली. आलेलुया. खरखरीत, उबदार, न घाबरलेला.

मग लोकांच्या लक्षात आलं की हा सूर आपल्याला येतो. चाचरत, इकडेतिकडे बघत उत्तर आलं. त्यात पुरुषांचे आवाज होते. आमच्या चर्चमध्ये पुरुष गातात हे मला त्या दिवशी समजलं.

दुसरा एक पायरी वर. या वेळी उत्तराला उशीर झाला नाही. बेकरीवाल्याने छाती भरून घेतली होती. तो जो सुटला, त्याच्या पुढच्या बाकावरच्या दोघी दचकून वळल्या आणि वळल्या वळल्याच त्याच्याबरोबर गायला लागल्या.

तिसरा. आता त्यांच्याकडे जागा उरली नव्हती, हे त्यांच्या मानेवरच्या शिरा सांगत होत्या. सूर चढला आणि मधोमध चिरकला, त्या रविवारी फाटला होता तिथेच. डेंटिस्टने श्वास घेतला. सासूबाईंनी मागे न बघता हात आडवा केला. थांब. आणि चिरकलेल्या आवाजानेच, चिर तशीच ठेवून, शब्द शेवटपर्यंत नेला.

मग उत्तर आलं. मी अशी गोष्ट कधी ऐकली नव्हती आणि पुन्हा ऐकेन की नाही ठाऊक नाही. सगळं चर्च. म्हातारे, पोरं, नर्स, काका, गाता न येणारे, आजवर कधी न गायलेले. पायाखालची फरशी थरथरत होती. मी गात होते आणि रडत होते आणि मला कशाचीच लाज वाटत नव्हती. कबुतरं उडाली ती थेट दारातून बाहेर. मी मागे वळून पाहिलं. शेवटच्या बाकाजवळ बाबा उभे होते. हाताची घडी सुटली होती, मान ताठ होती आणि तोंड सताड उघडं होतं. ते गात होते. लग्नानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदा बायकोला तिच्याच सुरात उत्तर देत होते. सगळे थांबल्यावरही त्यांचा आवाज थोडा वेळ एकटाच पुढे चालत राहिला, चढ संपल्याचं लक्षात न आल्यासारखा.

सासूबाईंनी तो ओळखला. त्यांनी डोळे उघडले आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून शेवटच्या बाकाकडे पाहिलं.

अंगणात उजाडलं होतं. नर्सच्या धाकटीने कागदाचे पंख सावरत बुरखा उचलला आणि बायका रडल्या. बेकरीवाल्याच्या टोपलीतला पाव हातोहात संपला. डेंटिस्टने सासूबाईंना मिठी मारली ती सोडेचना. "काकू, इतकं खालून कसं सुचलं?"

"वर जायला आता मला जिना नाही," सासूबाई म्हणाल्या. "म्हटलं, खाली लोक उभे आहेत, त्यांच्यातच जावं."

घरी येताना आम्ही बसस्थानकावरून आलो. सकाळच्या गाड्या सुटत होत्या. लाउडस्पीकरवरून तो जुना, काचेसारखा आवाज आला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." सासूबाई थबकल्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, एखाद्या नवशिकीचं ऐकावं तसं.

"फारच वर लावते ही बाई," त्या म्हणाल्या. "हिच्यामागे कोण गाणार?"

मी इतकी हसले की एक प्रवासी बॅग खाली ठेवून बघायला लागला. तेवढ्यात बाबा नाहीत असं लक्षात आलं. ते मागे टपरीवर रेंगाळले होते, जुन्या ड्रायव्हरांना हातवारे करून काहीतरी सांगत होते, हातातला चहा सांडत होता. सासूबाईंनी कंबरेवर हात ठेवला, आणि त्या नव्या जाड आवाजात, कसल्याही यंत्राशिवाय, रस्त्याच्या अलीकडूनच पुकारलं, "चालकांनी ताबडतोब आपल्या गाडीकडे यावे!"

सगळं स्थानक वळून बघायला लागलं. बाबांनी पेला ठेवला, मान वर केली आणि सगळ्या लोकांदेखत भसाड्या आवाजात तिथूनच उत्तर दिलं, "आलेलुया!"

आणि धावत आले.